टर्बो इंजिनावरची हीट शील्ड काढावी का? : प्रकल्प नोंदी

७ जानेवारी

गेले पंधरा दिवस गाडीच्या पुढच्या भागातून पत्र्याचा खडखडाट येत होता. तो साधारण १८०० ते २१०० आरपीएमच्या दरम्यानच ऐकू येत असल्यामुळे त्याचा माग चटकन लागेल असे वाटले होते, पण त्यात दोन संध्याकाळी गेल्या. आज इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडून लाकडी दांड्याने एकेक पत्रा दाबून पाहिला, तेव्हा टर्बोच्या गरम बाजूवरची हीट शील्ड, म्हणजे उष्णता अडवणारा पत्रा, एका टोकाला सैल हलताना दिसली. गाडी अकरा वर्षांची, चार सिलिंडरची आणि पेट्रोलवर चालणारी आहे. टर्बोचार्जर (एक्झॉस्टच्या वायूने टर्बाइनचे चाक फिरवून इंजिनात जादा हवा दाबणारे यंत्र) थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरमधून निघणारा धूर गोळा करणाऱ्या ओतीव नळीला, जोडलेला असून त्या दोघांवर मिळून टोपीसारखी बसणारी ही दोन थरांची शील्ड आहे. तिच्याखेरीज डाऊनपाइपवर (टर्बोतून धूर खाली नेणाऱ्या पाइपवर) एक आणि गाडीच्या तळाशी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरभोवती (धूर शुद्ध करणाऱ्या डब्याभोवती) एक, अशा आणखी दोन शील्ड आहेत.

ज्या मेकॅनिकना गाडी दाखवली त्यांचे उत्तर एका वाक्यात संपले. "काढून टाका साहेब, नुसता पत्रा आहे, आवाजही जाईल आणि टर्बोला हवाही लागेल." त्यांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी पटींनी सरावलेला आहे, त्यामुळे हे मत मी हसण्यावारी नेणार नाही; मात्र तपासल्याशिवाय मान्यही करणार नाही.

८ जानेवारी

शील्ड काढण्याच्या बाजूने जे बोलले जाते ते आधी प्रामाणिकपणे लिहून काढतो. पहिला मुद्दा आवाजाचा आहे आणि तो खराच आहे. दुसरा हाताळणीचा : शील्ड नसली की मॅनिफोल्डचे नट, ऑक्सिजन सेन्सर आणि टर्बोची तेलवाहिनी यांच्यापर्यंत हात सहज पोहोचतो, काम करणाऱ्या माणसाला हा मुद्दा किती मोलाचा वाटतो ते मी समजू शकतो. तिसरा वजनाचा असून तो मला गंभीर वाटत नाही, कारण टाकीत एक लिटर पेट्रोल कमी भरले तरी तेवढेच वजन वाचते. चौथा मुद्दा असा की शील्ड उष्णता कोंडून ठेवते आणि त्यामुळे टर्बो जास्त तापतो. या चौथ्या मुद्द्यात तथ्य असण्याची शक्यता आहे आणि नेमके म्हणूनच तो मोजून पाहण्याजोगा आहे.

धाकट्या मावसभावाने फोनवर विचारले, "दादा, रेसच्या गाड्यांना कुठे असतात असले पत्रे?" पत्रे नसतात हे बरेचदा खरे असते, पण तिथे टर्बाइनवर जाड उष्णतारोधक ब्लँकेट घातलेले असते, पाइपवर सिरॅमिक लेप दिलेला असतो, जवळच्या वायरी दुसरीकडून नेलेल्या असतात आणि प्रत्येक फेरीनंतर कोणीतरी बॉनेट उघडून पाहत असतो. माझ्या गाडीचे बॉनेट दोन महिन्यांतून एकदा उघडते.

११ जानेवारी

शील्ड टर्बोसाठी चांगली की वाईट, या प्रश्नापाशीच सगळी चर्चा घुटमळते. टर्बोच्या शेजारी कोण राहते हा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून आज फूटपट्टी आणि टॉर्च घेऊन तेवढेच काम केले.

शील्डच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून ऑक्सिजन सेन्सरची वायर ३५ मिलिमीटरवर आहे. तिच्यावर काचतंतूची विणलेली बाही आहे, पण बाहीच्या आतल्या वायरींचे आवरण साध्या क्रॉस-लिंक्ड प्लास्टिकचे दिसते आणि अशा आवरणाची सततची मर्यादा सहसा १२५ अंश सेल्सिअस असते. हीटरकडे जाणारा कूलंटचा रबरी होज ५० मिलिमीटरवर आहे. तो ईपीडीएम रबराचा असावा आणि त्याचीही सततची मर्यादा त्याच घरात येते. ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम होज ७० मिलिमीटरवरून जातो. त्याच्या मागे फायरवॉलवरची (इंजिन आणि केबिन यांमधल्या भिंतीवरची) आवाजरोधक गादी आहे, जिच्यात अकरा वर्षांची धूळ आणि थोडे तेल मुरलेले आहे. व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून पाझरलेल्या तेलाचा एक ओघळ शील्डच्या वरच्या कडेपर्यंत येऊन तिथेच वाळलेला आढळला. शील्ड नसती तर तो थेट मॅनिफोल्डवर उतरला असता. इंजिन ऑइलची वाफ पेट घेण्याजोगी व्हायला सुमारे २०० ते २३० अंश पुरेसे असतात आणि मॅनिफोल्ड त्याच्या दुपटीहून जास्त तापतो. या ओघळाची नोंद मी फोटोसह ठेवली आहे.

१४ जानेवारी

मोजमापाआधी थोडे गणित केले. शाळेत वहन, अभिसरण आणि प्रारण हे उष्णता-संक्रमणाचे तीन मार्ग शिकवतात. "टर्बोला हवा लागेल" या विधानात फक्त अभिसरण गृहीत धरलेले आहे, पण लाल होण्याच्या आसपास तापलेल्या लोखंडापाशी प्रारणाचा हिशेब सोडून चालत नाही, कारण ते निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढते. गंजून काळवंडलेल्या ओतीव लोखंडाची उत्सर्जकता (आदर्श काळ्या पृष्ठभागाच्या तुलनेत प्रारण सोडण्याची क्षमता) ०.८ धरली, तर ५०० अंश सेल्सिअसला दर चौरस मीटरमागे सुमारे १६ किलोवॉट आणि ७०० अंशांना सुमारे ४० किलोवॉट उष्णता बाहेर पडते. भर दुपारचे ऊन जमिनीवर सुमारे १ किलोवॉट असते. म्हणजे ३५ मिलिमीटरवरची ती वायर कमी तापलेल्या टर्बोसमोरही अनेक सूर्यांच्या पुढ्यात बसते. अंतर आणि कोन यांमुळे सगळी उष्णता तिच्यापर्यंत पोहोचत नाही हे खरे, पण इतक्या जवळ फार सवलतही मिळत नाही.

आता मध्ये एक चकचकीत पत्रा घालून पाहू. समोरासमोरच्या, ०.८ उत्सर्जकतेच्याच दोन काळवंडलेल्या पृष्ठभागांमध्ये दोन्ही बाजूंनी ०.१ उत्सर्जकतेचा पत्रा ठेवला, तर प्रारणाने जाणारी उष्णता सुमारे चौदाव्या हिश्शावर येते. तोच पत्रा मळून त्याची उत्सर्जकता ०.५ झाली, तर ती केवळ एक तृतीयांशावर येते. माझ्या शील्डचा बाहेरचा भाग आज पितळी भांड्याच्या न घासलेल्या बुडासारखा दिसतो. शील्ड ठेवायची झाली तर ती घासण्यातही लाभ आहे, हे गणित केल्याशिवाय माझ्या ध्यानात आले नसते.

१८ जानेवारी

आजचा दिवस उपकरणांत गेला आणि एक चूक वेळीच लक्षात आली. सुरुवातीला मी इन्फ्रारेड थर्मामीटर वापरणार होतो. इंजिन तापवून शील्डवर नेम धरला तर आकडा ९६ आला. त्याच जागी तारेने घट्ट बसवलेले के-प्रकारचे थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांच्या जोडावरून तापमान मोजणारे साधन) मात्र १९७ दाखवत होते. चकचकीत धातू स्वतः कमी प्रारण सोडतो आणि आजूबाजूचे परावर्तित करतो, त्यामुळे हे यंत्र फसते. इंजिन थंड झाल्यावर शील्डवर नाण्याएवढा ठिपका उष्णतारोधक काळ्या रंगाने रंगवला, रंग वाळू दिला आणि पुन्हा तितकेच तापवून मोजले, तेव्हा इन्फ्रारेडवर १९४ आले. शील्ड असताना आणि नसताना केवळ इन्फ्रारेडने मोजून "शील्डचा पृष्ठभाग तर थंडच असतो" असे सांगणाऱ्यांनी आधी हा ठिपका रंगवावा.

पाच थर्मोकपल बसवली : टर्बाइन हाउसिंग (टर्बाइनच्या चाकाभोवतीचे ओतीव कवच), ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीची बाही, हीटर होजची टर्बोकडची बाजू, व्हॅक्यूम होज आणि एअर फिल्टरचे तोंड. बाहीवरचे टोक बाहीच्या विणीत अडकवले, जेणेकरून ते हवेचे नव्हे, बाहीचे तापमान दाखवील.

२१ जानेवारी

शील्ड जागेवर ठेवून पहिली फेरी झाली. बाहेरचे तापमान २९ अंश होते. ठरलेला रस्ता पंचवीस मिनिटांचा आहे आणि त्यात सहा मिनिटांचा सलग चढ येतो. चढाच्या चौथ्या मिनिटाला टर्बाइन हाउसिंग ५३१, बाही ८७, होज ९७, व्हॅक्यूम होज ७६ आणि फिल्टरचे तोंड ३८ अंश होते. चढ संपताना हाउसिंग ५४८ वर पोहोचले आणि बाही ९१ वर स्थिरावली. इंजिन बंद केल्यावर चौथ्या मिनिटाला बाही १०३ झाली आणि मग उतरू लागली. इंजिन थांबले की कूलंटही थांबतो आणि गाडी उभी असल्याने वाराही नसतो, त्यामुळे टर्बोत साठलेली उष्णता आसपास पसरते. भागांना सर्वाधिक ताप धावताना होतो हा माझा समज इथेच मोडला.

२५ जानेवारी

शील्ड उतरवली. पाच बोल्ट, तेही ६ मिलिमीटरचे. पण अकरा वर्षे तापून थंड झालेला बोल्ट बोल्ट राहत नाही, तो मॅनिफोल्डचाच अवयव बनतो. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवले होते. सकाळी प्रत्येक बोल्ट आधी किंचित आवळला आणि मग सोडवला, कारण थेट उलटा जोर दिला की गंजाचा चुरा आट्यांत अडकतो. तीन बोल्ट कुरकुरत आले. चौथा अर्ध्यावर अडला, म्हणून तो पुन्हा आत-बाहेर करत, तेल टाकत, वीस मिनिटांत काढला. पाचव्याने दाद दिली नाही. पान्यावरचा जोर एकाएकी हलका झाला आणि त्या हलकेपणाचा अर्थ ज्याने आधी अनुभवला आहे त्याला आवाज येण्याआधीच कळतो. डोके हातात आले आणि दांडा मॅनिफोल्डमध्ये राहिला. मधोमध पंच मारून आधी ३ मिलिमीटरचे आणि मग ५ मिलिमीटरचे भोक पाडले, उरलेली साल टोकदार पकडीने सोलली आणि आटे टॅपने (आटे पाडण्याच्या हत्याराने) साफ केले. या एका बोल्टाला तीन तास लागले. मेकॅनिक मंडळी शील्ड परत का बसवत नाहीत याचे खरे उत्तर या तीन तासांत आहे, असे माझे मत झाले आहे.

शील्ड हातात आल्यावर खडखडाटाचे कारणही हातात आले. चौथ्या बोल्टाच्या छिद्रापासून २२ मिलिमीटरची चीर गेली होती. शेजारच्या दोन जागी लांबट खाचा आहेत आणि त्यांत तारेच्या जाळीचे बुश (लवचीक कडी) असायला हवे होते. त्यांच्याऐवजी साधे वॉशर घालून बोल्ट कचकचून आवळलेले होते. पूर्वी कधीतरी एका वर्कशॉपमध्ये मॅनिफोल्डचे गॅस्केट बदलले होते, तेव्हाचा हा प्रताप असावा. या दोन बोल्टांमधले अंतर १८० मिलिमीटर आहे. मॅनिफोल्ड ५०० अंशांनी तापला की ओतीव लोखंडाच्या प्रसरणामुळे हे अंतर सुमारे १ मिलिमीटरने वाढते. शील्ड तेवढी तापत नाही, म्हणून ती तेवढी वाढतही नाही. खाच आणि जाळीचा बुश या फरकाला वाट करून देण्यासाठी असतात. ती वाट बंद केल्यावर पत्रा दर फेरीला ताणला गेला आणि शेवटी फाटला.

शील्डच्या दोन थरांमध्ये पांढऱ्या सिरॅमिक तंतूंची पातळ गादी आहे. ती एका कडेला उघडी पडली होती, म्हणून मास्क लावून काम केले आणि हवेचा झोत मारण्याचा मोह टाळला. असले तंतू फुप्फुसात जाऊ देऊ नयेत. जुन्या गाड्यांच्या शील्डमध्ये ॲस्बेस्टॉसही असू शकते, तिथे तर अधिकच जपायला हवे.

२७ जानेवारी

शील्डशिवाय फेरी. निघण्याआधी दोन गोष्टी ठरवल्या होत्या : आग विझवण्याचे सिलिंडर शेजारच्या सीटवर राहील आणि बाहीने १५० अंश गाठले की चढ अर्धवट सोडायचा. शिवाय तेलाचा तो ओघळ आणि व्हॉल्व्ह कव्हरची कड आधी पुसून घेतली.

चढाच्या चौथ्या मिनिटाला बाही १५० वर गेली आणि मी गाडी बाजूला घेतली. त्या क्षणी टर्बाइन हाउसिंग ५११, होज १२४, व्हॅक्यूम होज ११८ आणि फिल्टरचे तोंड ४३ अंश होते. दोन मिनिटे आयडलवर (गाडी उभी, इंजिन मंद चालू) ठेवून इंजिन बंद केले आणि लगेच बॉनेट उघडले, तरी बाही १५६ पर्यंत चढली. बॉनेट उघडे असल्यामुळे या शेवटच्या आकड्याची आधीच्या १०३ शी तुलना करणे योग्य नाही. बंद बॉनेटखाली तो याहून वरच गेला असता. तापलेल्या वार्निशसारखा वास दहा मिनिटे येत राहिला. व्हॅक्यूम होजला हात लावला तेव्हा टर्बोकडची बाजू मऊ आणि दुसरी बाजू नेहमीसारखी कडक लागली.

खडखडाट मात्र पूर्ण गेला होता, हेही नोंदवले पाहिजे.

२८ जानेवारी

दोन फेऱ्यांचे त्याच चौथ्या मिनिटाचे आकडे शेजारी मांडले. शील्ड काढल्याने टर्बाइन हाउसिंग २० अंशांनी थंड झाले आणि वायरीची बाही ६३ अंशांनी तापली. मेकॅनिकचे म्हणणे खोटे नव्हते. टर्बोला हवा लागली. पण पेट्रोल इंजिनाचे टर्बाइन हाउसिंग जोरदार भाराखाली ९०० अंशांच्या आसपासचे वायू झेलण्यासाठीच ओतलेले असते, त्याला ५३१ काय आणि ५११ काय. टर्बोचा नाजूक भाग म्हणजे मधले बेअरिंग हाउसिंग. ते माझ्या गाडीत तेल आणि कूलंट यांनी थंड होते, बाहेरच्या हवेने नव्हे. बेअरिंगपाशी तेल जळून कोळसा होऊ नये यासाठी चढानंतर मिनिट-दोन मिनिटे आयडल करणे आणि तेल वेळेवर बदलणे यांचा जो उपयोग आहे, तो शील्ड काढण्याचा नाही. गंमत म्हणजे टर्बाइनचे चाक आणि बेअरिंग हाउसिंग यांच्या मध्येही एक छोटी तबकडी असते आणि तिलाही हीट शील्डच म्हणतात. ती काढा असे मात्र कोणी सुचवत नाही.

शक्तीचा हिशेबही फायद्याचा नाही. टर्बाइन वायूच्या उष्णतेवरच फिरते, तेव्हा हाउसिंग थंड पडणे हा तिथे तोटाच आहे, जरी २० अंशांत तो मला चालवताना जाणवला नाही. फिल्टरच्या तोंडाशी हवा ५ अंशांनी गरम झाली म्हणजे ती सुमारे दीड टक्क्याने विरळ झाली. टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर यातला बराच फरक पुसून टाकतो, म्हणून या मुद्द्याला मी फार वजन देत नाही.

वजन द्यायचे ते रबराला. दर १० अंशांमागे रबराचे आयुष्य निम्मे होते, असा एक ढोबळ नियम वापरतात. होजच्या एका बाजूला ९७ ऐवजी १२४ अंश म्हणजे या नियमाने त्या बाजूचे आयुष्य सहापटींहून अधिक घटले. ब्रेक बूस्टरच्या होजचे तापमान तर ४२ अंशांनी वाढले. हे नुकसान पहिल्या महिन्यात दिसत नाही आणि म्हणूनच "मी तर काढली, काही झाले नाही" हे वाक्य इतक्या जणांना खरेपणाने म्हणता येते.

मॅनिफोल्डवरची शील्ड परत बसवायची, हे ठरले. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरखालच्या शील्डबाबत तर प्रयोगही करणार नाही. वाळलेल्या गवतावर गाडी उभी केली की ती शील्ड कशासाठी आहे ते कळते.

२ फेब्रुवारी

शील्डऐवजी काचतंतूची पट्टी गुंडाळण्याचा पर्याय तपासून बाजूला ठेवला. पट्टीने बाहेरची उष्णता नक्की घटते, परंतु ती धातूला चिकटून बसते, तर शील्ड मध्ये हवेचा थर ठेवते. पट्टीखाली धातू अधिक तापतो, ओल धरतो आणि पडलेली चीर दिसत नाही. त्यातच माझ्या इंजिनावरून तेल ओघळते. तेल प्यालेली पट्टी म्हणजे दिव्यातली वात. टर्बोचे ब्लँकेट हा यापेक्षा चांगला मार्ग आहे, पण जिथे मूळ शील्ड दुरुस्त होऊ शकते तिथे त्याची गरज दिसत नाही.

८ फेब्रुवारी

दुरुस्ती केली. चिरेच्या टोकाला ३ मिलिमीटरचे भोक पाडून ती पुढे सरकणार नाही असे केले आणि मागून स्टीलच्या पातळ पत्र्याचे ठिगळ चार रिव्हेटनी बसवले. वेल्डिंगचा विचार होता, पण पत्र्यावरचा ॲल्युमिनियमचा थर तिथे जळला असता आणि गंजाला घर मिळाले असते. उघडी पडलेली कड दुमडून घेतली. बाहेरची बाजू सौम्य साबण आणि नायलॉनच्या घासणीने साफ केली. तारेचा ब्रश वापरला असता तर चकाकी आली असती, पण तो थर गेला असता. खाचांमध्ये तारेच्या जाळीचे नवे बुश घातले. सगळे बोल्ट नवे घेतले आणि आट्यांना निकेलची अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी) पेस्ट लावली. पेस्टमुळे घर्षण घटते आणि तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून टॉर्क (आवळण्याचा जोर) थोडा कमी ठेवला. बसवल्यावर शील्ड बोटाने किंचित सरकते, पण वाजत नाही. व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केटही बदलले, कारण तेल त्याच्यातूनच पाझरत होते.

व्हॅक्यूम होजची मऊ पडलेली बाजू पुन्हा कडक झाली होती, पण वाकवल्यावर तिच्यावर केसांएवढ्या रेषा दिसल्या. त्या आधीपासून होत्या की चार मिनिटांच्या चढाने आणल्या, ते आता सांगता येणार नाही. होज बदलला.

१५ फेब्रुवारी

तोच रस्ता, बाहेर ३० अंश. चौथ्या मिनिटाला हाउसिंग ५३३ आणि बाही ८२. हवा एका अंशाने गरम असूनही बाही पूर्वीच्या ८७ पेक्षा खाली आहे; घासलेला पत्रा आणि त्याच्यामागे पुन्हा मिळालेला हवेचा थर, यांपैकी कशामुळे किती, ते वेगळे काढलेले नाही. पहिला खडखडाट गेला, पण तो गेल्यावर त्याच्याआड लपलेला दुसरा, बारीक आवाज ऐकू आला. तो तळाच्या शील्डचा निघाला. तिथे एका बोल्टाची जागाच गंजून गेली आहे, म्हणून स्टेनलेस स्टीलची लांब होज क्लॅम्प पाइप आणि शील्ड यांच्याभोवती फिरवून आवळली. दिसायला ती गबाळी आहे, पण आवाज थांबला.

थर्मोकपल काढून टाकली. त्यांच्या जागी बाहीवर रंग बदलणारी, एकदा काळी झाली की काळीच राहणारी तापमान-पट्टी चिकटवली. आज परत आल्यावर वीस मिनिटांनी बॉनेट उघडून पाहिली : १०० अंशांची खिडकी काळी झाली आहे, ११० ची पांढरी आहे. पट्टी तिथेच राहू देत आहे; भर उन्हाळ्यात तोच चढ चढून पुन्हा पाहीन.